खरपूस ते करपट: इंग्लिश ब्राउन एलची चव

ब्राउन एलवरून कोणी भांडत नाही. आयपीएवरून भांडतात, गिनेस डब्लिनबाहेर प्यावी की नाही यावरून भांडतात, लागर ही बिअर आहे की थंड पाणी यावरून लोकांनी अख्ख्या रात्री घालवल्या आहेत. ब्राउन एलचा विषय निघाला की मात्र सगळे एकमताने म्हणतात, "हां, चांगली असते," आणि दुसरंच काहीतरी मागवतात. रेटिंगचं कुठलंही ॲप उघडून पाहा. वरच्या जागा बारा-तेरा टक्के अल्कोहोलच्या काळ्याकुट्ट स्टाउटनी आणि आमरसासारख्या गढूळ आयपीएंनी अडवलेल्या असतात. इंग्लिश ब्राउन एल बरीच खाली, लग्नाच्या ग्रूप फोटोत मागच्या रांगेत उभ्या राहिलेल्या काकांसारखी. फोटोत आहेत, पण कोणी टॅग केलेलं नाही.

मी सहा वर्षं लीड्समध्ये राहते आहे आणि या काकांची बाजू घ्यायची वेळ आली आहे असं मला वाटतं. ब्राउन एल कंटाळवाणी आहे हा आरोप बहुतेक वेळा पिणाऱ्याच्या जिभेपेक्षा त्याच्या शब्दसंग्रहाबद्दल जास्त सांगतो. आणि इथे मराठी माणसाकडे थोडा आयता फायदा आहे. तो काय, ते पुढे येईलच.

आधी ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी दोन वाक्यं. एल म्हणजे तुलनेनं उबदार तापमानाला, पटकन आंबवलेली बिअर. लागर थंडीत, सावकाश आंबते. एलमध्ये यीस्ट स्वतःची थोडी फळांसारखी चव सोडून जातं, लागरमध्ये ते बहुधा गप्प बसतं. ब्राउन एल म्हणजे यातली तपकिरी, हॉप्सचा कडवटपणा बेताचा, भाजक्या धान्याची चव पुढे. संपलं.

आता लेबलं वाचू. यॉर्कशरमधल्या टॅडकास्टर गावची सॅम्युअल स्मिथ ही जुनी ब्रुअरी 'नट ब्राउन एल' नावाची बिअर बनवते. तिच्या वर्णनात अक्रोड आणि बदाम येतात. कुठल्याही बिअर-समीक्षकाला विचारा, तो 'नटी' म्हणेल आणि पुढच्या बिअरकडे जाईल. बाटलीत अक्रोड नसतो, बदाम नसतो. मुळात इंग्रजीत 'नट-ब्राउन' हे रंगाचं विशेषण होतं. मिल्टनच्या 'लालेग्रो'मध्ये सतराव्या शतकातच अशा रंगाची एल येते. डोळ्यांसाठी केलेलं वर्णन हळूहळू जिभेवर सरकलं आणि आता लोक अक्रोड शोधत पितात. सापडला नाही की दीड स्टार कमी.

शोधायचं ते अक्रोडात नाही, भाजण्यात आहे. बिअर जवापासून बनते. जव भिजवतात, मोड आणतात, मोड ठराविक वाढले की उष्णता देऊन थांबवतात आणि वाळवतात. याला माल्ट म्हणतात. ज्यांच्या घरी बाळासाठी नाचणीचं सत्त्व केलं गेलं आहे त्यांनी ही क्रिया पाहिलेली आहे, फक्त तिला कोणी माल्टिंग म्हटलं नव्हतं. मोड येताना दाण्यात जी द्रव्यं तयार होतात ती नंतर पिठाची साखर करतात, आणि ती साखर यीस्ट खातं. मोड न आलेल्या जवात ही द्रव्यं नसतात, म्हणून नुसत्या कच्च्या जवाची बिअर सहज होत नाही.

इथवर सगळ्या बिअर सारख्या. ब्राउन एल वेगळी होते ती पुढच्या पायरीवर. बहुतेक माल्ट फिकट वाळवलेला असतो. त्यात थोडा 'क्रिस्टल माल्ट' घालतात. यात मोड आलेले ओले दाणे आधी कोमट उष्णतेत झाकून ठेवतात, त्यामुळे दाण्याच्या आतच पिठाची साखर होते, आणि मग ते भाजले की ती साखर सालीच्या आत काचेसारखी घट्ट बसते. दाणा चावून पाहिला तर चिक्कीचा तुकडा लागतो. त्यात आणखी चिमूटभर 'चॉकलेट माल्ट'. चॉकलेटशी त्याचा संबंध रंगापुरता. दोनशे अंशांच्या वर भाजलेले जव ते. १८१७ साली डॅनिएल व्हीलर नावाच्या माणसानं माल्ट भाजायच्या फिरत्या पिंपाचं पेटंट घेतलं, कॉफी भाजायचं यंत्र असतं तसं. तेव्हापासून दाणा न जाळता तो किती काळा करायचा यावर नीट ताबा आला.

म्हणजे ब्रुअर काय करतो? वेगवेगळी धान्यं वेगवेगळी भाजतो, प्रत्येकाची आच वेगळी, मग प्रमाण ठरवून एकत्र दळतो. याला मराठीत शब्द आहे. भाजणी.

मी हे आईला फोनवर सांगितलं तो संवाद इथे जवळजवळ जसाच्या तसा देते, कारण बिअरवरच्या कुठल्याही इंग्रजी पुस्तकात मला इतकी नेमकी समीक्षा वाचायला मिळालेली नाही.

"आई, भाजणीत ज्वारी जरा जास्त भाजली गेली तर काय होतं गं?"

"कडवट होते. थालीपीठ काळपट दिसतं. का?"

"आणि कमी भाजली तर?"

"कच्चट लागते. पिठूळ. घशाला चिकटते. पण तुला कशाला आत्ता?"

"बिअरवर लिहितेय."

थोडा वेळ शांतता. "बिअर भाजतात?"

"बिअर नाही, सातू. मोड आणून, वाळवून, भाजून."

"म्हणजे सत्त्वच की." पुन्हा शांतता. "मग सत्त्वच प्यावं ना."

तर, आईची पट्टी अशी: एका टोकाला पिठूळ, मग खमंग, मग खरपूस, मग करपट, आणि त्यापुढे टाकून द्यायचं. बिअरची अख्खी तपकिरी बाजू या पट्टीवर बसवता येते. फिकट लागर पिठूळ आणि खमंगच्या अलीकडे. चांगली इंग्लिश बिटर खमंग. स्टाउट हा मुद्दाम, विचारपूर्वक केलेला करपटपणा आहे, त्याची मजा कोळशाच्या निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याच्या मजेसारखी. आणि ब्राउन एल उभी असते ती खरपूस आणि करपट यांच्या मधल्या त्या अरुंद जागेत, जिथे वास येतो आणि कोणीतरी ओरडतं, "गॅस बंद कर!" त्या क्षणी गॅस बंद केला तर काय हाती लागतं, ते म्हणजे ब्राउन एल. दहा सेकंद आधी नाही, दहा सेकंद नंतर नाही.

इंग्रजीत खमंग आणि खरपूस यांच्यातला फरक एका शब्दात सांगता येत नाही. 'टोस्टी' आहे, 'रोस्टी' आहे, 'नटी' आहे, 'बिस्किटी' आहे. यातला प्रत्येक शब्द एखाद्या पदार्थाकडे बोट दाखवतो. आपले शब्द आचेकडे बोट दाखवतात. माझ्या मते ब्राउन एलच्या बाबतीत आचेकडे बोट दाखवणं हेच बरोबर आहे. या बिअरमध्ये हुशारी दिसते ती कुठे थांबलं यात. त्यामुळेच एका घोटाच्या आधारे रेटिंग देणाऱ्याला ती काहीच देत नाही. थांबणं स्टारमध्ये मोजता येत नाही.

सॅम्युअल स्मिथची नट ब्राउन मी टॅडकास्टरमध्ये जाऊनही प्यायले आहे आणि घरी बाटलीतूनही. गाव लीड्सपासून बसनं जाता येण्याजोगं. ब्रुअरी १७५८ सालची. आंबवणं अजून यॉर्कशर स्क्वेअर नावाच्या दगडी चौकोनी हौदांत होतं, आणि गावाच्या आसपास पिंपं पोचवायला आजही मोठे शायर घोडे निघतात. हे सगळं पर्यटकांसाठी केलेलं नाटक वाटावं, पण ही कंपनी पर्यटकांना खूश करायला काही करेल असा तिचा लौकिक नाही. २०१७ मध्ये तिनं आपल्या पबांमध्ये शिवीगाळ बंद केली. २०१९ मध्ये मोबाइल फोन आणि लॅपटॉप बंद केले. टीव्ही नाही, संगीत नाही. हा लेख तुम्ही फोनवर वाचत असणार. तिथे बसून वाचत असाल तर बाहेर जावं लागेल. नियम जुलमी आहे यात शंका नाही. पण ब्राउन एलसारख्या बिअरला हीच परिस्थिती लागते, हेही खरं. हातात फोन असताना ती फक्त तपकिरी आणि ओली असते.

ओतली की रंग तांबूस तपकिरी, उजेडाकडे धरला तर कडेला माणकासारखी झाक. फेस फिकट, कॉफीत दूध जास्त झाल्यावर वर जो साका येतो तसा. वास घ्या, घाई नको. पहिला वास गोड असतो, पाक दुसऱ्या तारेला आला की स्वयंपाकघरात जो पसरतो तो. त्याच्या खाली सफरचंद-नाशपातीचा एक अंधुक वास असतो; ते यीस्टचं काम. मग पहिला घोट. सुरुवात गोड, आणि इथे बरेच जण निकाल देऊन मोकळे होतात. पण मधे काहीतरी वळतं. काकवीची गोडी हळूहळू कोरडी होते, जिभेच्या कडांना किंचित तुरट लागतं, भाजलेल्या शेंगदाण्याच्या लालसर सालीचा तो तुरटपणा. दाणा नव्हे, साल. ज्यांनी दाण्याचं कूट करण्याआधी सालं पाखडून काढली आहेत त्यांना मी काय म्हणते आहे ते लगेच कळेल. आणि गिळल्यानंतर, आपण दुसरंच काही बोलायला लागतो तेव्हा, खरपूसपणा परत येतो. एकदाच. मग जातो.

पाच टक्के अल्कोहोल, तरी गरम वाटत नाही. हॉप्स आहेत, पण त्यांचं काम पाठीमागे धरून ठेवण्याचं. ते नसते तर ही बिअर पाक झाली असती. मला विचाराल तर या प्रकारातली ही सर्वात चांगली बाटली आहे. तिच्यात एक गोष्ट मला पटत नाही, ती म्हणजे काच. बाटली पारदर्शक असते. दिसायला सुंदर, बिअरला घातक. प्रकाश लागला की हॉप्समधली कडू द्रव्यं तुटतात आणि गंधकाचं एक संयुग तयार होतं, स्कंक नावाचा प्राणी जो फवारा मारतो त्यातल्या रसायनांच्या गोत्यातलं. आपल्याकडे स्कंक नाही, त्यामुळे जळकं रबर आणि ठेचलेला लसूण यांच्या मधलं काहीतरी, असं म्हणू. दुकानातल्या पांढऱ्या ट्यूबलाइटखाली दोन आठवडे उभी असलेली बाटली उघडून कोणी ब्राउन एलला नावं ठेवत असेल तर त्यानं ब्राउन एल अजून प्यायलेलीच नाही. फळीवरच्या मागच्या रांगेतली घ्या, किंवा खोक्यातली मागा.

टॅडकास्टरमध्ये सॅम्युअल स्मिथच्या शेजारीच जॉन स्मिथ नावाची दुसरी, कितीतरी मोठी ब्रुअरी आहे. एकाच घराण्याची दोन बिऱ्हाडं, एकोणिसाव्या शतकात वेगळी झालेली. तीही आता हायनेकनकडे. आणि जगातली सर्वात प्रसिद्ध ब्राउन एल, जिच्या नावातच न्यूकॅसल आहे, ती २०१० पासून या जॉन स्मिथच्या भट्टीत बनू लागली. न्यूकॅसलच्या सुमारे दीडशे किलोमीटर दक्षिणेला.

ही कथा नीट सांगायला हवी. न्यूकॅसल ब्राउन एल १९२७ साली बाजारात आली. न्यूकॅसल ब्रुअरीज या कंपनीतल्या लेफ्टनंट कर्नल जेम्स पोर्टर यांनी तीन वर्षं खटपट करून ती जमवली. त्यांना खरं तर बर्टनची प्रसिद्ध बास बिअर बनवायची होती आणि हा प्रयत्न फसला असंच त्यांना वाटत होतं, अशी आख्यायिका आहे. १९२८ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात तिला बक्षिसं मिळाली आणि लेबलवर निळा तारा आला. त्याची पाच टोकं म्हणजे ज्या पाच ब्रुअऱ्या मिळून कंपनी झाली त्या. जहाजबांधणीच्या आणि खाणींच्या या शहरात ती 'ब्रून' झाली, पुढे 'डॉग' झाली, कारण "जरा कुत्र्याला फिरवून आणतो" असं बायकोला सांगून लोक पबमध्ये जात. बाटली मोठी आणि ग्लास लहान, अर्ध्या पाइंटचा, ही तिथली रीत. थोडी ओतायची, थोडी प्यायची, पुन्हा ओतायची, म्हणजे फेस कायम ताजा.

२००० साली युरोपियन युनियननं तिला भौगोलिक संरक्षण दिलं: या नावाची बिअर न्यूकॅसल शहरातच बनेल. चार-पाच वर्षांत मालकांना शहरातली टाइन ब्रुअरी बंद करून नदीपलीकडे गेट्सहेडच्या हद्दीतल्या डन्स्टनला जायचं होतं. नदी रुंद नाही, पूल भरपूर आहेत, पण हद्द ती हद्द. मग ज्या कंपनीनं संरक्षण मागितलं होतं तिनंच ते रद्द करा म्हणून अर्ज केला. २००५ मध्ये टाइन ब्रुअरी बंद झाली, २००७ मध्ये संरक्षण संपलं. २००८ मध्ये हायनेकन आणि कार्ल्सबर्ग यांनी मूळ कंपनी विकत घेऊन वाटून घेतली. २०१० मध्ये टॅडकास्टर. मग काही उत्पादन नेदरलँड्समध्ये. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या बाजारासाठीची बिअर तिथल्याच लागुनितास ब्रुअरीत, नव्या पाककृतीनं. हापूसचं मानांकन मिळवणाऱ्यांनीच उद्या जाऊन सांगावं की ते काढून टाका, आम्हाला बाग हलवायची आहे, अशातला हा प्रकार.

इथे समीक्षकाला भावूक व्हायचा मोह होतो. मी शक्य तितकी टाळते. बिअर म्हणजे आंबा नाही. जव कुठूनही येतो, पाणी हवं तसं करून घेता येतं, यीस्ट बाटलीतून प्रवास करतं. टाइन नदीचं काही त्या चवीत होतं असं मला वाटत नाही. चवीत जे होतं ते मिश्रण होतं: पूर्वी एक जोरकस गडद एल आणि एक हलकी अंबर एल वेगवेगळ्या बनवून एकत्र करत. आज हातात जी बाटली येते तिच्यात पहिला सेकंद चांगला असतो. टॉफीची गोडी, थोडं केळं, थोडा सुका मेवा. दुसऱ्या सेकंदाला मात्र मागे कोणी नसतं. चित्रपटाचा ट्रेलर चांगला असावा आणि चित्रपट निघूच नये, तसं. अनेक वर्षं तिच्या रंगात कॅरॅमल रंगद्रव्याचाही हात होता. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या टीकेनंतर ते काढून भाजका माल्ट वापरायचं ठरलं. माझ्या आईच्या पट्टीवर ही बिअर खमंगला हात लावून परत येते, खरपूसपर्यंत जातच नाही.

पण मग ती शहराला इतकी का लागली होती? ज्या शहरात ती वाढली तिथे ती विचार करत प्यायची बिअर नव्हती. दिवसभर भट्टीसमोर उभं राहिलेल्या माणसाच्या घशासाठी ती होती. गार, गोडसर, चार पूर्णांक सात टक्क्यांची, पोटाला जड न होणारी. त्या कामासाठी दुसरा सेकंद लागत नाही. आता भट्ट्याही नाहीत आणि ब्रुअरीही नाही. ब्रुअरीच्या जागी विज्ञान-तंत्रज्ञानाच्या इमारती उभ्या आहेत. निळा तारा मात्र अजून लोकांच्या टी-शर्टवर आणि दंडावर गोंदलेला दिसतो. ज्या चवीसाठी तो गोंदला ती आज कुठे बनते हे त्यांना पक्कं माहीत असतं. विचारलं तर विषय बदलतात.

पुस्तकं आणि स्पर्धांचे नियम ब्राउन एलचे दोन भाग करत आले: उत्तरेची आणि दक्षिणेची. ही विभागणी मायकल जॅक्सन यांच्यामुळे रूढ झाली. गायक नव्हे, बिअर-लेखक. १९७७ सालचं त्यांचं 'वर्ल्ड गाइड टू बिअर' नसतं तर आज आपण बिअरच्या 'स्टाइल' असा शब्दच वापरला नसता. उत्तरेची कोरडी आणि जोरकस, दक्षिणेची गोड आणि हलकी. ऐकायला छान वाटतं, नकाशावर काढता येतं. पण उत्तरेसाठी न्यूकॅसल आणि दक्षिणेसाठी लंडनची मान्स, अशा एकेका बाटलीवर उभा केलेला हा सिद्धांत आहे. दोन माणसांना भेटून दोन प्रांतांचे स्वभाव सांगण्यासारखं. जुन्या ब्रुअऱ्यांच्या नोंदवह्या चाळणाऱ्या इतिहासकारांनी यावर भरपूर टीका केली आहे, आणि अमेरिकेतल्या बिअर-परीक्षकांच्या नियमावलीनंही २०१५ मध्ये ही जोडी मोडून एकच 'ब्रिटिश ब्राउन एल' केली. लंडनची गोड बिअर ऐतिहासिक प्रकारांच्या खणात ठेवून दिली.

त्या खणातल्या बिअरबद्दल मला आपुलकी आहे. अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये तपकिरी बिअर ही नेहमीची गोष्ट होती, कारण माल्टच तपकिरी असे, लाकडाच्या जाळावर वाळवलेला. मग हायड्रोमीटर आला, साखर मोजता यायला लागली, आणि ब्रुअरांना दिसलं की फिकट माल्टमधून जास्त बिअर निघते. तपकिरी माल्ट परवडेना. ब्राउन एल हे नावच जवळजवळ पुसलं गेलं. १९०२ च्या सुमारास पूर्व लंडनमधल्या व्हाइटचॅपल इथल्या अल्बियन ब्रुअरीत टॉमस वेल्स थॉर्प यांनी मान्स ब्राउन एल काढली आणि नाव परत आलं. लंडनमधली सर्वात गोड बिअर, अशी तिची जाहिरात असे. पबमधल्या पिंपातली बिअर कधी आंबलेली, कधी मेलेली निघे. बाटलीचा तेवढा भरवसा. म्हणून लोक अर्धा ग्लास माइल्ड घेत आणि त्यात ब्राउन ओतत. ब्रुअरी १९७९ मध्ये बंद झाली. तिची दर्शनी इमारत अजून आहे, शेजारी ब्लाइंड बेगर पब, जिथे १९६६ मध्ये रॉनी क्रे या गुंडानं एकाला गोळी घातली. फूटपाथवर आता भाजी आणि कपड्यांचा बाजार भरतो, बंगाली कानावर पडते. मान्स कुठे मिळेल विचारलंत तर कोणी सांगणार नाही.

ती सुपरमार्केटमध्ये मिळते, सर्वात खालच्या फळीवर, बहुधा धुळीसकट. फक्त २.८ टक्के. ओतली की काळपट, प्यायली की काकवी. सरळ काकवी, त्यात भिजवलेले मनुके आणि शेवटी अगदी किंचित करपट चव, जणू पातेल्याच्या तळाला थोडं लागलं होतं. पातळ आहे, मान्य. पण तिनं केलेलं काम बघा: इतक्या कमी अल्कोहोलमध्ये चव उभी करणं हे दहा टक्क्यांची स्टाउट करण्यापेक्षा अवघड आहे, कारण लपायला जागा नसते. नवीन ब्रुअऱ्या आता 'लो अल्कोहोल'चा शोध लागल्यासारख्या वागतात. हा शोध १९०२ सालीच फळीवर ठेवला होता.

मराठीत दारूबद्दल लिहिलं गेलं आहे ते बहुतेक दारूच्या परिणामांबद्दल. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'त सुधाकरचा नाश होतो आणि तळीराम हसवतो. प्याल्यात जे होतं त्याची चव कशी होती हे नाटकाला विचारायचं नाही, आणि तेव्हा विचारायचं कारणही नव्हतं. नंतरच्या लेखनात बंडखोरी आली, विनोद आला, पण 'दारू' हा एकच शब्द ताडीपासून व्हिस्कीपर्यंत सगळ्यांना पुरला. आता पुण्या-मुंबईतल्या मायक्रोब्रुअरीत मेन्यूवर 'नोट्स ऑफ' येतात आणि आपण मान डोलावतो. ज्यांना घरच्या आमटीत फोडणी जळाली की कच्ची राहिली हे पहिल्या घासाला कळतं, ते बिअरसमोर बसून कारखान्यात तयार झालेली विशेषणं उसनी घेतात, हे मला खटकतं. खमंग, खरपूस, करपट, पिठूळ, तुरट, उग्र, मुरलेलं. हे शब्द कोणाकडून परवानगी न घेता वापरता येतात. माझ्या लीड्समधल्या बिअर-मित्रांच्या टोळीत 'खरपूस' आता चालू लागला आहे, उच्चार भयंकर करतात पण अर्थ बरोबर.

एक इशारा. भाजणी आणि ब्राउन एल हे नातं वाचून तुम्हाला थालीपीठासोबत ती प्यावीशी वाटेल. मी करून पाहिलं आहे, जमत नाही. खरपुसावर खरपूस टाकलं की दोन्ही सपाट होतात, जणू एकच सूर दोघांनी लावला. मिसळीसोबत तर बिअर ऐकूच येत नाही. तिला हवं असतं आंबट-खारट काहीतरी: जुनं, भुसभुशीत चेडर, किंवा वेन्सलीडेल, किंवा लोणच्यातला कांदा आणि ब्रेड. चीजचा खारटपणा त्या काकवीच्या गोडीला कापतो आणि शेंगदाण्याच्या सालीचा तुरटपणा अचानक स्पष्ट दिसायला लागतो.

आणि फ्रिजमधून काढल्या काढल्या पिऊ नका. थंडीत भाजलेल्याचा वास झोपलेला असतो. नट ब्राउनची बाटली काढून वीस मिनिटं ओट्यावर ठेवा, अर्धी ओता, सावकाश प्या. दहा-बारा अंशांच्या पुढे ती बोलायला लागते. शेवटचा तिसरा हिस्सा, जो बहुतेक जण कोमट झाला म्हणून सिंकमध्ये ओततात, त्यात पाकाचा वास जाऊन नुसता भाजलेला दाणा उरलेला असतो. न्यूकॅसलबाबत मात्र हे करू नका. ती गार असतानाच संपवा; कोमट झाली की ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते.